पाणी उतरलंय

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
२३ जुलै

धर्मराज,

तीर्थरूप दादास, साष्टांग नमस्कार असलं काही ह्या पत्रात शोधू नकोस. नऊ वर्षांनी लिहितेय ते भांडायला लिहितेय. फोन करणार नाही. फोनवर तुझ्याशी एकदाच बोलले आणि माझा मुलगा गेला. गेला म्हणजे कुठे गेला, ते अजून कुणालाच माहीत नाही. आज तिसरा दिवस आहे.

तुझ्या उंबरण्याच्या फरशी पुलावरून माझ्या कैलासचा टेम्पो वाहून गेला. टेम्पो काल सापडला, खाली करंजाच्या झाडाला अडकून आडवा पडलेला. काचा नाहीत. मागे उल्हासनगरच्या शेठच्या जीन्सचे गठ्ठे, सगळे चिखलाने भरलेले. शेठची माणसं येऊन गठ्ठे मोजून गेली. कैलास नाही. बोटवाले दोन तास फिरले आणि पाण्याला ओढ फार आहे म्हणून निघून गेले.

आता मला सांग, उंबरण्याचा पोलीस पाटील कोण? तू. पूल बुडाला की दोन्ही बाजूंना दोरी बांधायची, तहसीलला कळवायचं, हे काम कुणाचं? तुझं. गावात छाती काढून फिरतोस ते कशासाठी?

त्या दिवशी आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. मी वरच्या मजल्यावर कमळाबाईंकडे होते. कैलासने टेम्पो आदल्या रात्रीच उंच गल्लीत, कमळाबाईंच्या मागच्या दारी लावून ठेवला होता म्हणून तो वाचला. सकाळी स्वप्नालीचा फोन आला. सूनबाई चार दिवस माहेरी गेली होती, तुझ्या पुलाच्या पलीकडे. माझ्या नातीला, जिज्ञासाला ताप चढला होता, पोरीला झटके येत होते, आणि तिकडे डॉक्टर नाही. कैलास म्हणाला, मी जाऊन दोघींना घेऊन येतो. मी म्हटलं, थांब, पुलाचं विचारते. म्हणून तुला फोन केला. नऊ वर्षं गिळून केला. 'पुलावर पाणी आहे का, कैलासला यायचंय,' एवढंच विचारलं. आणि तू म्हणालास, 'पाणी उतरलंय.'

मी खिडकीतून ओरडून सांगितलं, मामा म्हणतो पाणी उतरलंय, जा.

तुझ्या शब्दावर गेला तो. जिज्ञासाचा ताप त्याच दिवशी दुपारी आपोआप उतरला.

तुझ्या गावात पोहणारे आहेत, जाळी टाकणारे आहेत. त्यांना नदीत घाल. तू स्वतः जा. माझा मुलगा मला आणून दे. रस्ता बंद आहे हे कारण मला सांगू नकोस. तुझा दूधवाला भीमराव लांबचा वळसा घालून का होईना, रोज बदलापूरला येतोच आहे. त्याच्याच हाती हे पाठवतेय.

वेणू


२६ जुलै

धर्मराज,

सापडला. खाली बंधाऱ्याजवळ, जलपर्णीत. कंबरेच्या पट्ट्यावरून ओळखला. बाकी काय ओळखायचं होतं, ते तुला नाही सांगत.

काल तू स्मशानाच्या फाटकाशी उभा होतास ते मी पाहिलं. छत्रीपण नव्हती तुझ्याकडे. भीमराव म्हणाला, पाटील रात्रीच निघाले होते, डोंगरातून पायी. मग? शाबासकी देऊ? कैलासच्या बारशाला त्याला कुंची घालणारा मामा तू, त्याला पोहायला शिकवणारा तू, आणि शेवटी फाटकाबाहेर उभा राहिलास परक्यासारखा. तेच शोभतं तुला.

स्वप्नाली तुझ्यासमोर जाऊन थुंकली. सगळ्यांनी पाहिलं. मी तिचा हात धरू शकले असते. नाही धरला. तू रुमाल काढून काही पुसलंसुद्धा नाहीस, तसाच उभा राहिलास. त्यानेही माझं डोकं तडकलं. थोडं तरी भांडायचंस की माणसाने!

उत्तरकार्याला येऊ नकोस. आलास तर ताट मिळणार नाही. माझ्या कीर्तीच्या लग्नात मामाचा पाट रिकामा ठेवलास ना? पोरगी नटूनथटून खोलीत बसलेली, भटजी 'मुलीचे मामा' म्हणून ओरडतोय, आणि मामाचा पत्ता नाही. शेवटी माझ्या दिराने हात धरून तिला बोहल्यावर आणली. का? तर मी घरी येऊन अक्षत दिली नाही, मोबाईलवर पत्रिका पाठवली म्हणून. अंबरनाथच्या कारखान्यात मला दोन दिवसांची रजा देत नव्हते, त्यातून हॉल, जेवण, कपडे, सगळं एकटीने केलं मी नवरा गेल्यावर. पण पाटलांना अक्षत पाहिजे! बस आता अक्षता मोजत.

वेणू


२ ऑगस्ट

धर्मराज,

तुझं पत्र भीमरावने दिलं. पहिल्यांदा वाटलं चुलीत घालावं. कमळाबाईंकडे चूल नाही, गॅस आहे, म्हणून वाचलं.

मला मराठी शिकवतोस? 'आपल्याकडे पाणी उतरलं म्हणजे घाटातून खाली आलं. गेलं तर आपण ओसरलं म्हणतो. तू विसरलीस का वेणू?' काय पण अक्षर काढलंयस, पाटीलकी चालवल्यासारखं. अरे, पस्तीस वर्षं मी हेंद्रेपाड्यात राहते. इथे पाणी दारात येतं, ओट्यावर येतं, घरात शिरतं, आणि मग उतरतं. उतरलं की आम्ही झाडू आणि फिनेल घेतो आणि चिखल काढतो. गल्लीतल्या लहान पोरालाही कळतं, उतरलं म्हणजे गेलं. तुझ्या उंबरण्याच्या दोनशे घरांची भाषा आख्ख्या बदलापूरने शिकायची का?

आठवलं मला. खोटं नाही बोलत. तुझं पत्र वाचल्यावर आठवलं. बाबा बांधावर उभे राहून ओरडायचे, 'पाणी उतरलं रे!' आणि तू आणि मी म्हशी सोडवायला धावायचो. मी तुझ्यापेक्षा जोरात धावायचे. आधी नदीचा आवाज बदलायचा, मग ते लाल पाणी यायचं, लाकडं घेऊन. बाबा गेले तेव्हापासून तो शब्द माझ्या कानावर तसा आला नव्हता. त्या सकाळी नाही आठवला. नाही आठवला तर नाही, काय करू?

पण तुला तर माहीत होतं ना मी शहरात असते? बाई पस्तीस वर्षं बाहेर आहे, तिला कळेल का, एवढा विचार करायला काय झालं होतं? एक शब्द जास्त बोलला असतास. 'वरून' म्हणाला असतास. 'येऊ नको' म्हणाला असतास. तोंडाला काय कुलूप लावलं होतं?

स्वप्नालीने तहसीलला अर्ज दिलाय तुझ्याविरुद्ध. पोलीस पाटलाने चुकीची खबर दिली, दोरी बांधली नाही, म्हणून नवरा गेला, असा. मी सही केलीय साक्षीदार म्हणून. तुला कळलं तर कळू दे.

वेणू


९ ऑगस्ट

धर्मराज,

काल माझा जबाब झाला. साहेब सज्जन होता, पाणी विचारलं, खुर्ची दिली. मी सांगितलं: फोन केला, विचारलं, 'पाणी उतरलंय' असं उत्तर आलं, एवढंच. अंगठा नाही, सही केली. सातवी शिकलेय म्हटलं.

तुला बोलावणं येईल तेव्हा तू काय सांगणार आहेस? भीमरावकडे दोन ओळी लिहून दे. शब्दाचा घोळ सांगायचा तर सांग, मला हरकत नाही. गावातल्या चार म्हाताऱ्यांना साक्षीला ने, ते सांगतील उतरलं म्हणजे काय. पण फोन किती वेळ चालला, कुणी ठेवला, पुढे काय झालं, असल्या फाफटपसाऱ्यात शिरू नकोस. साहेबांना कशाला त्यात रस असेल? गेलेला माणूस त्याने परत येतो का?

इथलं सांगते. घर धुऊन झालं. भिंतींना अजून वास आहे, उदबत्ती लावली तरी जात नाही. स्वप्नाली माझ्याजवळ झोपते. लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं कधी धड पटलं नव्हतं, तुला माहीत नसेल. भाजीत मीठ जास्त पडलं तरी घरात दोन दिवस धुसफूस चालायची. आणि आता पोरगी कुशीत शिरून झोपते, माझा पदर मुठीत धरून. काल म्हणाली, आई, तुम्ही नसता तर मी त्याच पुलावरून उडी मारली असती. जिज्ञासा माझ्या हाताशिवाय जेवत नाही. पाऊस वाजायला लागला की कानावर हात ठेवते आणि माझ्या मांडीवर येऊन बसते. स्वप्नालीचे आईवडील न्यायला आले होते. ती म्हणाली, नाही, मी आईंजवळच राहणार.

उल्हासनगरचा शेठ येऊन गेला. 'ऐसा लडका नहीं मिलेगा माताजी, टेम्पो को बच्चे की तरह रखता था,' म्हणाला आणि डोळे पुसले. गठ्ठ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. परका माणूस, आणि तू!

दोन ओळी लिही. लवकर.

वेणू


१७ ऑगस्ट

दादा,

भीमराव आत्ता सांगून गेला. दुधाची कॅन तशीच दारात ठेवून बसला आणि रडला. म्हणाला, पाटलांना निलंबित केलं, पाटीलकी गेली. मी म्हटलं, शब्दाचं सांगितलं नाही का त्याने? तर म्हणाला, नाही वेणूताई, पाटलांनी जबाबात लिहून दिलं की मी चुकीची खबर दिली. पाणी ओसरलं, कैलासला येऊ दे, असं मीच म्हणालो. बहिणीचा काही दोष नाही.

कुणी सांगितलं होतं तुला? कुणी सांगितलं होतं हे असलं खोटं बोलायला? मोठा आलाय धर्मराज, नावाप्रमाणे वागायला! नऊ वर्षं माझ्या दारात पाय ठेवला नाहीस, अक्षतीच्या चार दाण्यांसाठी भाचीला रडवलंस, आणि आता माझ्या डोक्यावर एवढा मोठा उपकार ठेवून मोकळा झालास. आणि मी काय, आयुष्यभर त्याखाली वाकून चालू? नाही चालणार. तुझं काहीएक नको मला. हे तर मुळीच नको.

आता मी सांगते काय झालं ते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण मी आजपर्यंत ते कुणाला सांगितलेलं नाही, देवालाही नाही.

तू म्हणालास, 'पाणी उतरलंय.' आणि लगेच म्हणालास, 'आणि वेणू...' त्या 'आणि वेणू'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षांनी त्याच लाडाच्या आवाजात. मला वाटलं, आता हा लग्नाचं काढणार. आता म्हणणार, तू तेव्हा अक्षत घेऊन आली असतीस तर. किंवा माफी मागणार, म्हणजे मला माफ करावं लागणार. मला दोन्ही नको होतं. मी फोन कट केला. पुढे तू काय म्हणणार होतास ते मला आता पाठ झालंय, मीच ते रोज मनात पुरं करते: आणि वेणू, पोराला सोडू नकोस.

मग तुझा फोन आला. नाव दिसलं, 'धर्मादादा उंबरणे'. मी उचलला नाही. परत आला. परत आला. कमळाबाई म्हणाल्या, अहो फोन वाजतोय. मी म्हटलं, वाजू दे, भावाचा आहे, त्याला आता पान्हा फुटलाय. हसलेसुद्धा मी. चौथ्यांदा वाजला तेव्हा मोबाईल उशीखाली घातला.

चार मिसकॉल. संध्याकाळी पुलाची बातमी आली तेव्हा सगळ्यात आधी काय केलं असेल मी? कैलासच्या नावाने हंबरडा फोडला? नाही. बाथरूममध्ये जाऊन ते चार मिसकॉल पुसले. कोणती आई असं करते, सांग.

तुझ्या मोबाईलमध्ये ते असतील. तू ते साहेबांसमोर ठेवू शकला असतास, तुझी पाटीलकी राहिली असती. ठेवले नाहीस. मी तुला शिव्या घालून पत्रं लिहीत होते आणि तू ती वाचून गप्प बसत होतास. 'एक शब्द जास्त बोलला असतास' असं लिहिलं मी तुला, आणि तू त्याला उत्तरसुद्धा दिलं नाहीस. लाज वाटून वाटून मला आता तुझाच राग येतोय.

उद्या तहसीलला जाणार. जबाब बदलणार. पण आधी स्वप्नालीला सांगायला हवं. ती आत जिज्ञासाची वेणी घालतेय. सांगितलं की ती जाईल. पोरीला घेऊन जाईल, आणि माझं घर संपेल. नाही सांगितलं तर ती राहील, आणि रोज रात्री माझ्या पदराला धरून तुला शाप देईल. हे पत्र लिहिताना तीनदा उठले आणि तीनदा परत बसले.

वेणू


१९ ऑगस्ट

दादा,

सांगितलं.

काल दुपारी जिज्ञासा झोपली तेव्हा. स्वप्नाली तांदूळ निवडत होती. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं नाही, निवडतच राहिली. मग विचारलं, 'चार वेळा?' म्हटलं, हो, चार. मग म्हणाली, 'तेव्हा हे कुठवर पोचले होते?'

हे तुलाही लिहिलं नव्हतं मी. परवाच्या पत्रातही मी एवढं राखून ठेवलं होतं. दादा, तुझा पहिला फोन आला तेव्हा टेम्पो गल्लीतच होता. खिडकीखाली. सेल मारत होता कैलास, ओलाव्याने इंजिन धरत नव्हतं. दुसरा फोन आला तेव्हाही तिथेच. मी खिडकीत उभी होते. हाक मारली असती तर त्याने मान वर केली असती. तिसऱ्या फोनला इंजिन लागलं, मला हात करून गेला.

ते सगळं तिला सांगितलं. तिने ताट बाजूला ठेवलं. मग एवढंच म्हणाली, 'आई, मी तुमच्याजवळ झोपत होते.'

शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या, मला त्या पचतात. ती उठली आणि बॅग भरायला लागली.

आज सकाळी तहसीलला जाऊन आले. साहेबाने परत पाणी दिलं, ह्या वेळी प्यायले नाही. लिहून दिलं की भाऊ सावध करत होता, फोन मी तोडला, चार फोन मी उचलले नाहीत आणि नंतर मीच पुसले. तो म्हणाला, आजी, एवढं लिहायची गरज आहे का? म्हटलं, आहे, लिहा. तुझी पाटीलकी परत मिळेल की नाही, ते प्रांत साहेब ठरवतील. मिळाली तर माझे आभार मानायला येऊ नकोस. मी ते तुझ्यासाठी केलेलं नाही.

आता कामाचं ऐक. उद्या सकाळच्या गाडीने स्वप्नाली जिज्ञासाला घेऊन माहेरी निघतेय. गाडी पुलाच्या अलीकडेच सोडते, पुढे पायी जायला लागतं, भीमराव म्हणाला. एका बाजूचा कठडा गेलाय, बांबू बांधलेत. जिज्ञासा नळाचं पाणी सांडलं तरी दचकते आता, ती त्या पुलावर पाय ठेवणार नाही. स्वप्नालीकडे दोन बॅगा आहेत. मला सोडायला यायचं होतं. येऊ नका म्हणाली, तेही शांतपणे.

तू अलीकडच्या टोकाला येऊन उभा राहा. पाटीलकी असो नाहीतर नसो. ती तुझ्यावर थुंकली होती, ते मनात धरू नकोस, ती माझी थुंकी होती. आता तिला कळलंय. ती तुझ्याशी बोलली नाही तरी चालेल, बॅगा घे. माझी बाजू मांडत बसू नकोस, मला बाजू नाही. पोरीला कडेवर घे आणि तिचं तोंड तुझ्या खांद्यात दाबून धर, खाली बघू देऊ नकोस.

मध्येच ती विचारेल, आजी का नाही आली. तेव्हा मात्र काहीतरी खोटं सांग. ते तुला बरं जमतं.

वेणू